तसूभर म्हणजे नेमकं किती?

बैठक संपत आली होती. पडद्यावर माझी शेवटची स्लाईड होती, रुग्णसंख्येच्या गणिताची. स्ट्रोकच्या (पक्षाघाताच्या) एका नव्या ट्रायलचा, म्हणजे औषध-चाचणीचा, आराखडा ठरत होता आणि रुग्णांच्या बाजूने बोलायला तिघांना बोलावलं होतं. त्यातल्या एक काकू तोवर काही बोलल्या नव्हत्या. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांची उजवी बाजू पक्षाघातात गेली होती. त्यांनी हात वर केला.

"ताई, त्या कोपऱ्यात दहा टक्के लिहिलंय, ते कशाचे?"

मी सांगितलं, नवं औषध जुन्यापेक्षा शंभरात दहा जणांपर्यंत कमी पडलं तरी आपण त्याला 'कमी नाही' म्हणू, त्याची ती मर्यादा, म्हणजे मार्जिन.

"म्हणजे ते दहा जण जुन्या औषधाने आपल्या पायांवर घरी गेले असते?"

"हो. वाईटात वाईट धरलं तर."

"आणि हे दहा कुणी ठरवले?"

मी ठरवले होते. आणि कसे ठरवले ते मला त्या खोलीत सांगता आलं नाही, म्हणून आज इथे लिहिते आहे.

मी संख्याशास्त्रज्ञ आहे. गेली चौदा वर्षं बहुतेक काम स्ट्रोकच्या ट्रायल्सचं. दहा टक्के आले ते असे: आमच्या मुख्य संशोधकांनी विचारलं, "आठशे रुग्णांत बसवता येईल का?" मी उलटं गणित मांडलं. दोन्ही गटांत निम्मे रुग्ण स्वावलंबी होतील असं धरलं, पॉवर (औषध खरंच कमी नसेल तर ते दाखवता येण्याची शक्यता) ८० टक्के, एकतर्फी चूक (वाईट औषधाला चुकून 'कमी नाही' म्हणण्याची शक्यता) अडीच टक्के. मार्जिन १० टक्के ठेवलं तर ७८५ रुग्ण पुरतात. ५ टक्के ठेवलं तर ३,१४० लागतात. मार्जिन अर्धं केलं की रुग्ण चौपट होतात, त्यातून सुटका नाही. आठशेत दहा बसत होते, म्हणून दहा. त्या आकड्यामागे रुग्णाचा विचार नव्हता, अनुदानाचा होता.

आपण मराठीत सहज म्हणतो, 'हा त्याच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.' तसू हे कधीकाळी खरंखुरं माप होतं, गजाचा चोविसावा भाग. माप गेलं, शब्द राहिला, आणि त्याचा अर्थ 'अजिबात नाही' असा झाला. पण दोन औषधं खरोखरच सारखी असतील, तर एक दुसऱ्यापेक्षा अजिबात कमी नाही हे कितीही रुग्ण घेतले तरी सिद्ध होत नाही. सिद्ध होऊ शकतं ते एवढंच की ते एका तसूपेक्षा जास्त कमी नाही. मग तो तसू केवढा, हे पहिला रुग्ण दाखल होण्याआधी आकड्यात लिहून द्यावं लागतं. त्यालाच मार्जिन म्हणतात, आणि अशा ट्रायलला नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल.

नेहमीच्या ट्रायलमध्ये आपण 'दोन्हींत फरक नाही' इथून सुरुवात करतो आणि ते खोडायला बघतो. इथे सुरुवात उलट आहे. नवं औषध मार्जिनपेक्षा जास्त वाईट आहे असं धरून चालायचं आणि मग ते खोडायचं. त्यामुळे 'फरक सापडला नाही' या वाक्याला इथे काही किंमत नाही. २००८ची प्रोफेस ट्रायल मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देते. स्ट्रोक होऊन गेलेले २०,३३२ रुग्ण. एका गटाला ॲस्पिरिन आणि दीर्घकाळ झिरपणारं डायपिरिडॅमोल, दुसऱ्याला क्लोपिडोग्रेल. पुन्हा स्ट्रोक झाला ९.० टक्के आणि ८.८ टक्के लोकांना. हॅझार्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, १.०१. कुणीही म्हणेल, सारखंच आहे की. पण कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा, ०.९२ ते १.११ होता आणि मार्जिन १.०७५. इंटरव्हलचं वरचं टोक मार्जिन ओलांडून गेलं, म्हणून नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली नाही. वीस हजार माणसं आणि जवळजवळ एकसारखे आकडे, तरीही. विद्यार्थी यावर चिडतात. मला मात्र त्या मार्जिनचं कौतुक वाटतं. ज्यांनी ते ठरवलं त्यांनी साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त सापेक्ष नुकसान मान्य करायचं नाही असं आधीच म्हटलं होतं, आणि निकाल आल्यावर ते त्या शब्दाला बांधील राहिले.

मार्जिन कुठून यावं याचा पाठ्यपुस्तकी मार्ग असा. जुनं औषध प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ उपचारापेक्षा) किती सरस होतं ते जुन्या ट्रायल्समधून काढायचं. त्यातही मधला अंदाज घ्यायचा नाही, इंटरव्हलचं सावध टोक घ्यायचं. त्या फायद्याचा किमान अर्धा भाग नव्या औषधाने राखला पाहिजे, असा प्रघात आहे. उरलेला अर्धा, किंवा त्याहून कमी, हे तुमचं मार्जिन. ऐकायला सरळ वाटतं. स्ट्रोकमध्ये ते सरळ राहत नाही, कारण इथे फायदा मिनिटागणिक वितळतो.

अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, घ्या. नऊ ट्रायल्समधल्या ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये जे विश्लेषण छापून आलं, त्यात पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ३२.९ टक्के लोक जवळजवळ पूर्ण बरे झाले. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यापैकी २३.१ टक्के. शंभरात सुमारे दहा जणांचा फायदा. तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यात हेच आकडे ३५.३ आणि ३०.१ होते. फायदा पाचावर आला. आता कुणी साडेचार तासांपर्यंतचे सगळे रुग्ण घेऊन ५ टक्क्यांचं मार्जिन लावलं, तर लवकर आलेल्यांसाठी तो निम्मा फायदा आहे आणि उशिरा आलेल्यांसाठी जवळजवळ अख्खा. आकडा एकच, पण दुसऱ्या गटात 'कमी नाही' ठरलेलं औषध पाण्याइतकं निरुपयोगीही असू शकतं. म्हणून मार्जिनचा आकडा वाचताना मी लगेच रुग्ण किती वेळाने आले होते ते शोधते.

या विषयाची सगळी गुंतागुंत एकाच प्रश्नात बघायची असेल तर तो हा: मोठी रक्तवाहिनी तुंबली आहे, रुग्ण थ्रॉम्बेक्टॉमी (कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीने, गुठळी काढणं) करणाऱ्या केंद्रात थेट आला आहे, तर आधी अल्टेप्लेज द्यायचं की सरळ कॅथेटर घालून गुठळी काढायची? औषध वगळलं तर रक्तस्रावाचा धोका आणि खर्च कमी होईल, अशी आशा. २०२० ते २०२२ या काळात सहा ट्रायल्सनी हाच प्रश्न विचारला. प्रत्येकीचा तसू मात्र वेगळा.

डायरेक्ट-एमटीने ऑड्स रेशोत (दोन गटांतल्या चांगल्या निकालाच्या शक्यतांचं गुणोत्तर; १ म्हणजे सारखं, त्याखाली म्हणजे थेट थ्रॉम्बेक्टॉमी कमी) ०.८ हे मार्जिन घेतलं, आणि इंटरव्हलच्या ०.८१ या खालच्या टोकावर ती पार झाली. केसाच्या अंतराने. डीईव्हीटीने दहा टक्क्यांचं मार्जिन घेतलं आणि ठरल्यापेक्षा लवकर, २३४ रुग्णांवर थांबली. थेट थ्रॉम्बेक्टॉमीच्या गटात ५४.३ टक्के स्वावलंबी, दुसऱ्यात ४६.६, खालचं टोक उणे ५.१. तीही पार. जपानच्या स्किपमध्ये २०४ रुग्ण होते, ५९.४ विरुद्ध ५७.३, म्हणजे कल थेट थ्रॉम्बेक्टॉमीकडेच. पण मार्जिन ०.७४ आणि खालचं टोक ०.६३, म्हणून नापास. एमआर क्लीन-नो आयव्हीने औषध वगळणं सरस आहे का आणि निदान कमी तरी नाही का, हे दोन्ही विचारलं. दोन्हींचं उत्तर 'सिद्ध झालं नाही' आलं. स्विफ्ट डायरेक्टने तर १२ टक्के सोडायची तयारी ठेवली होती. निकाल ५७ विरुद्ध ६५, खालचं टोक उणे १६.६. डायरेक्ट-सेफचं मार्जिन दहा टक्के, खालचं टोक उणे १६.

बातम्यांत याचं रूप झालं 'दोन पास, चार नापास'. मला हे बघून खरोखर वाईट वाटतं, कारण या मोजणीत माहिती जवळजवळ नाहीच. मार्जिनं अदलाबदल करून पाहा. डीईव्हीटीला ५ टक्क्यांचं मार्जिन लावलं असतं तर तिला पार होता आलं नसतं. स्किपला दुसऱ्या केंद्रांतले आणखी हजार रुग्ण मिळाले असते तर कदाचित ती झाली असती. पास-नापास हे औषधाबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच ते कुणी कुठे रेघ ओढली आणि किती रुग्ण जमवले याबद्दलही सांगतं. पुढे आयरिस नावाच्या संशोधक-गटाने सहाही ट्रायल्समधल्या २,३१३ रुग्णांची माहिती एकत्र केली. ऑड्स रेशो ०.८९, इंटरव्हल ०.७६ ते १.०४, मार्जिन ०.८२. सिद्ध झालं नाही. आणि 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'थेट थ्रॉम्बेक्टॉमी वाईट ठरली' असंही नाही, कारण इंटरव्हलमध्ये १ बसतो. दोन्ही दारं उघडी राहिली, एवढाच त्याचा प्रामाणिक अर्थ.

त्यातून आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतली. पाठ्यपुस्तकी मार्गाने अशी मार्जिनं अल्टेप्लेजच्या जुन्या फायद्यावर उभी राहतात, आणि तो फायदा मोजला गेला तेव्हा थ्रॉम्बेक्टॉमी नेहमीच्या उपचारात नव्हती. १९९५ची अल्टेप्लेजची एनआयएनडीएस ट्रायल घ्या किंवा त्यानंतरच्या. गुठळी पाऊण तासात कॅथेटरने निघणारच असेल, तर आधीच्या औषधाचा फायदा किती? प्लासिबोशी तुलना करून ते कधी मोजलंच नव्हतं. म्हणजे ज्या फायद्याचा अर्धा भाग राखायचा, तो फायदाच उसना आकडा होता. २०२४ मध्ये आयरिसच्याच माहितीतून उत्तराचा एक तुकडा मिळाला: आधी औषध देण्याचा फायदा दिसला तो लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण २ तास २० मिनिटांच्या आत औषध मिळालेल्यांत. त्यापुढे तो स्पष्ट राहिला नाही. पुन्हा वेळच.

टक्क्यांतलं मार्जिन आणखी एका प्रकारे फसवतं. झायमेलागाट्रान नावाचं औषध होतं, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात) स्ट्रोक टाळायला वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या औषधाऐवजी द्यायचं. स्पोर्टिफ-५ मध्ये मार्जिन होतं वर्षाला २ टक्के. ठरवताना अपेक्षा अशी की वॉरफरिनवर वर्षाला सुमारे ३.१ टक्के लोकांना स्ट्रोक किंवा रक्ताची गुठळी अडकण्याचा त्रास होईल. प्रत्यक्षात १.२ टक्केच झाला. नव्या औषधावर १.६. फरक ०.४५, वरचं टोक १.०३, दोनच्या आत, म्हणून 'कमी नाही'. पण १.२ वर १.०३ची भर म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट होण्याची शक्यता खोडली गेली नव्हती. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००४ मध्ये औषधाला मान्यता दिली नाही, आणि २००६ मध्ये यकृतावरच्या परिणामांमुळे ते बाजारातूनच काढलं गेलं. त्यानंतरच्या डॅबिगाट्रानच्या (हेही वॉरफरिनऐवजी द्यायचं औषध) री-लाय ट्रायलमध्ये मार्जिन गुणोत्तरात होतं, १.४६. मूळ धोका कमी निघाला तर असं मार्जिन आपोआप आकसतं. तुलनेच्या गटातला घटनादर आराखड्यातल्या अपेक्षेपेक्षा फार वेगळा निघाला असेल, तर लेखकांनी टक्क्यांत दिलेला निष्कर्ष मी बाजूला ठेवते.

आणि निष्काळजीपणा. नेहमीच्या ट्रायलमध्ये गबाळं काम केलं तर फरक झाकला जातो आणि औषध नापास होतं. कामाची शिक्षा काम करणाऱ्याला मिळते. इथे गबाळेपणाचं बक्षीस मिळतं. समजा खरा फरक ८ टक्क्यांचा आहे आणि दोन्ही गटांतल्या दहा-दहा टक्के रुग्णांना चुकून समोरच्या गटाचा उपचार मिळाला. मोजलेला फरक ६.४ वर येतो. दोघांना तसाच सारखा उपचार दिला तर दोघे सारखेच निघणार. म्हणून इथे इन्टेन्शन-टू-ट्रीटच्या (ज्या गटात नाव पडलं त्याच गटात मोजणं) बरोबरीने पर-प्रोटोकॉल (ठरलेला उपचार खरोखर मिळालेल्यांनाच मोजणं) विश्लेषणही मागतात आणि दोन्हींचा कल एकाच दिशेला आहे का ते बघतात. तेवढं पुरेसं नसतं. तुलनेच्या गटाला अल्टेप्लेज उशिरा मिळालं, किंवा बाटली अर्धी राहिली असताना रुग्ण कॅथ-लॅबमध्ये गेला, तर प्रोटोकॉल पाळलेला असूनही जुन्या औषधाला खरी संधी मिळालेली नसते. कोणतंही विश्लेषण हे नंतर दुरुस्त करू शकत नाही. एका ट्रायलच्या देखरेखीत मी तीन महिन्यांनंतरच्या रँकिन तपासण्यांचे (रुग्ण किती स्वावलंबी आहे ते ० ते ६ मध्ये मोजणाऱ्या) फॉर्म चाळत होते. ० म्हणजे लक्षणच नाही, २ म्हणजे थोडी अडचण पण स्वतःचं स्वतः करता येतं, ३ म्हणजे चालता येतं पण मदत लागते, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. एका केंद्रातून सलग अकरा रुग्णांचा आकडा २ आला होता. तपासणारीने फोनवर विचारून भरले होते, सगळ्यांना एकच प्रश्न: "बरं आहे ना?" फॉर्म पूर्ण, तारखा बरोबर, सह्या जागच्या जागी. आणि दोन्ही गट त्या केंद्रात हुबेहूब सारखे. आम्ही त्या अकराही जणांच्या तपासण्या दुसऱ्या व्यक्तीकडून परत करून घेतल्या.

एनचांटेड ट्रायल मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ३,३१० रुग्ण, अल्टेप्लेजचा कमी डोस, किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, नेहमीच्या ०.९ विरुद्ध. २०१६ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा अपंगत्व कमी डोसवर ५३.२ टक्के, नेहमीच्या डोसवर ५१.१. ऑड्स रेशोचं वरचं टोक १.२५ (इथे १च्या वर म्हणजे कमी डोस वाईट), मार्जिन १.१४, सिद्ध झालं नाही. पण त्याच रुग्णांचं रँकिन स्केल पायरी-पायरीने मोजलं तेव्हा ऑड्स रेशो १.०० आणि वरचं टोक १.१३. मार्जिनच्या आत. मेंदूतला मोठा, लक्षणं दिसणारा रक्तस्राव १.० टक्के विरुद्ध २.१ टक्के, निम्म्याहून कमी. मग ही ट्रायल हरली का? आमच्या जर्नल क्लबमध्ये यावर दोन न्यूरॉलॉजिस्ट अक्षरशः भांडले. एक म्हणाले, नेहमीचा डोस बदलायचं कारण नाही. दुसरे म्हणाले, ज्याला रक्तस्रावाची भीती जास्त आहे त्याच्यासाठी हा निकाल वेगळा वाचला पाहिजे. दोघांचंही बरोबर होतं, कारण दोघांच्या डोक्यात रुग्ण वेगळे होते.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. नॉन-इन्फिरिऑरिटीचा पेपर हातात आला की निकालाचं पान उघडण्याआधी वहीत दोन ओळी लिहायच्या. पहिली: या औषधाच्या बदल्यात रुग्णाला काय मिळतंय? दुसरी: त्या बदल्यात मी शंभरातले किती जण सोडायला तयार आहे? मग पेपर उघडून थेट इंटरव्हलचं वाईट टोक बघायचं आणि ते माझ्या आकड्याशी ताडायचं. लेखकांचं मार्जिन नंतर.

कॅनडाची ॲक्ट ट्रायल अशीच वाचली. टेनेक्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारंच दुसरं औषध, विरुद्ध अल्टेप्लेज, २०२२. बदल्यात काय मिळतं हे लिहायला वेळ लागला नाही: टेनेक्टेप्लेज एका दमात टोचून मोकळं होता येतं, अल्टेप्लेज तासभर चालू ठेवावं लागतं. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर त्या तासाचं मोल मोठं आहे. दुसऱ्या ओळीत मी ३ लिहिलं. लेखकांचं मार्जिन ५ होतं. निकाल ३६.९ विरुद्ध ३४.८, वाईट टोक उणे २.६. माझ्या रेघेच्याही आत. तेव्हा कुणाचं मार्जिन योग्य यावर वाद घालायची गरजच उरली नाही.

आमच्या ट्रायलचं काय झालं ते सांगायचं राहिलं. बैठकीनंतर मी मुख्य संशोधकांकडे गेले आणि म्हणाले, "सर, दहाचं समर्थन मला लिहिता येत नाही." ते म्हणाले, "मग कितीचं येतं?" मला ३ हवे होते. त्याला ८,७०० हून जास्त रुग्ण लागतात. तेवढे आम्हाला दहा वर्षांतही मिळाले नसते. रात्रभर गणितं करून आम्ही ५ वर थांबलो. ३,१४० रुग्ण, आणखी केंद्रं, आणखी अडीच वर्षं. अनुदानाचा अर्ज नव्याने लिहावा लागला आणि एक केंद्र सोडून गेलं. प्रोटोकॉलमध्ये मार्जिनखाली पाऊण पान स्पष्टीकरण आलं: कोणत्या जुन्या ट्रायल्स, कोणत्या वेळेचे रुग्ण, किती फायदा राखला जाईल, आणि इंटरव्हल नेहमी 'शंभर रुग्णांत किती' या रूपात छापू असं वचन.

रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकाचा मसुदा मी त्या काकूंना पाठवला. त्यात मी लिहिलं होतं, 'नवं औषध जुन्याइतकंच परिणामकारक आहे का, हे आम्ही तपासत आहोत.' त्यांनी 'इतकंच' खोडलं आणि समासात निळ्या पेनाने लिहून परत पाठवलं:

'नवं औषध थोडं कमी पडू शकतं. शंभरात पाच जणांपर्यंत कमी पडलं तर चालेल असं आम्ही ठरवलं आहे. बदल्यात ते एकाच इंजेक्शनमध्ये, लवकर देता येतं. तुम्हाला हे चालेल का?'

नैतिकता समितीने त्यातला एकही शब्द बदलला नाही.